फिल्म इन्स्टिट्यूटचा अर्ज: पदवीनंतर सिनेमा शिकू पाहणाऱ्यांसाठी वर्षभराची तयारी

पुण्यात रिक्षावाल्याला ‘फिल्म इन्स्टिट्यूट’ एवढेच सांगितले तरी तो लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फाटकापाशी आणून सोडतो. आत प्रभातचा जुना स्टुडिओ आहे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ मध्ये पुण्यात आली, आणि ती बंद पडल्यावर त्याच जागेत १९६० मध्ये केंद्र सरकारने चित्रपट शिक्षणाची संस्था उभी केली. तीच आजची एफटीआयआय, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया. तिचेच कोलकात्यातले भावंड म्हणजे १९९५ मध्ये सुरू झालेली सत्यजित राय संस्था, एसआरएफटीआय. दोन्हींचे पूर्णवेळ अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत.

मी बार्शीचा. याच फाटकातून आत जाऊन संकलन (एडिटिंग) शिकलो आणि आता त्यावरच पोट भरतो. गेली काही वर्षे मराठवाडा-सोलापूरकडची मुले-मुली अर्जाचे कच्चे खर्डे मला पाठवतात. ते वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. या मुलांकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते, पण ते अर्जात येतच नाही. अर्जात येते ते कुठल्यातरी मुंबईच्या मुलाचे आयुष्य, तेही ऐकीव. हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे. कागदपत्रांचेही सांगतो, कारण तिथेही चांगली मुले अडकतात.

आधी ठरवा: नेमके काय शिकायचे आहे?

एफटीआयआयमध्ये ‘सिनेमा’ असा एकच अभ्यासक्रम नाही. प्रवेश स्पेशलायझेशनला मिळतो. चित्रपट विभागात दिग्दर्शन व पटकथालेखन, सिनेमॅटोग्राफी, संकलन, ध्वनिमुद्रण व ध्वनिरचना, कला दिग्दर्शन हे तीन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. अभिनय आणि स्वतंत्र पटकथालेखन हे दोन वर्षांचे. शिवाय टेलिव्हिजन विभागाचे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. हा एक वर्षाचा विभाग कमी प्रतीचा, असा एक समज फिरत असतो. तो काढून टाका. २०२४ मध्ये कान महोत्सवात विद्यार्थ्यांच्या ‘ला सिनेफ’ विभागाचे पहिले पारितोषिक ज्या लघुपटाला मिळाले, तो याच एक वर्षाच्या विभागातल्या विद्यार्थ्यांनी केलेला होता, आणि त्याचा दिग्दर्शक मुळात एमबीबीएस झालेला डॉक्टर.

दहापैकी सात-आठ जण मला लिहितात, ‘दिग्दर्शनाला अर्ज करायचाय.’ का, असे विचारले की उत्तर येते, ‘मला फिल्म करायचीय.’ फिल्म सगळेच करतात. ध्वनीवालाही करतो, संकलकही करतो. स्वतःला विचारायचे ते वेगळेच: सिनेमा बघताना तुमचे लक्ष आपोआप कुठे जाते? खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे? दोन वाक्यांमधल्या थांबण्याकडे? भिंतीच्या पोपडे आलेल्या रंगाकडे? लोक काय बोलत नाहीत याकडे?

उदगीरकडची एक मुलगी होती. बीएस्सी झालेली, वडिलांची बसस्टँडसमोर रसवंती. तिलाही दिग्दर्शनच हवे होते. फोनवर अर्धा तास बोलली, पण त्यातली वीस मिनिटे ती आवाजांबद्दल बोलत होती आणि हे तिच्या स्वतःच्याच लक्षात आले नव्हते. रसवंतीच्या चरकाला बांधलेले घुंगरू, एसटीचा कंडक्टर दार आपटतो तो आवाज, दुपारी स्टँड रिकामा झाल्यावर ऐकू येणारा पाणपोईचा नळ. मी तिला म्हटले, ‘अगं, तू ध्वनीची आहेस.’ आठवडाभर तिने विचार केला आणि ध्वनीला अर्ज केला. तिचा उल्लेख पुढेही येईल.

एकाहून अधिक स्पेशलायझेशनना अर्ज करण्याची सोय असते, पण विषयांचे गट पाडलेले असतात, आणि ज्यांची परीक्षा एकाच वेळी असते ते दोन्ही देता येत नाहीत. सोय आहे म्हणून तीन ठिकाणी अर्ज टाकू नका. एक नक्की करा. फार तर त्याला लागून असलेला दुसरा. मुलाखतीत ‘संकलनही चालेल’ हा सूर लगेच ऐकू येतो.

पात्रता

कोणत्याही शाखेची पदवी चालते. बीकॉम, बीए, इंजिनिअरिंग, शेतकी, काहीही. शेवटच्या वर्षाला असणाऱ्यांनाही अर्ज करता येतो, मात्र ठरलेल्या तारखेपर्यंत उत्तीर्ण झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. वयाची कमाल मर्यादा नाही. तीस ओलांडलेले, नोकरी सोडून आलेले लोक प्रत्येक बॅचमध्ये असतात. दोन ठिकाणी अट वेगळी आहे: ध्वनीसाठी बारावीला भौतिकशास्त्र असावे लागते, आणि कला दिग्दर्शनासाठी उपयोजित कला, चित्रकला, शिल्पकला, वास्तुकला, अंतर्गत सजावट अशांसारख्या विषयाची पदवी.

रंगांधळेपणाबद्दल मुले घाबरत विचारतात. काही वर्षांपूर्वी संकलनासाठी निवडल्या गेलेल्या एका उमेदवाराला रंगांधळेपणामुळे प्रवेश नाकारला गेला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. अशा उमेदवारांना चित्रपटाच्या अभ्यासक्रमांतून सरसकट वगळू नये, गरज असेल तिथे अभ्यासक्रमात फेरफार करावा, असा त्याचा आशय. तेव्हा हे लपवू नका आणि त्या भीतीने अर्जही थांबवू नका.

आणखी एक. काही वर्षे दोन्ही संस्थांची मिळून जेईटी नावाची संयुक्त प्रवेश परीक्षा होत असे. २०२५ मध्ये दोन्हींना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अशा बदलाच्या काळात परीक्षेचे नाव, टप्पे, पदविका की पदवी, हे सगळे हलते. त्यामुळे ‘दादाच्या वेळी असं होतं’ यावर विसंबू नका, आणि माझ्या या लेखावरही तारखांसाठी विसंबू नका. त्या वर्षीचे माहितीपत्रक डाउनलोड करा, छापून घ्या, पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. दीड तास लागतो. निम्मे लोक तो देत नाहीत.

कागद: इथे महाराष्ट्रातली मुले अडकतात

ही केंद्र सरकारची संस्था आहे. महाराष्ट्रात असली तरी महाराष्ट्रासाठी वेगळा कोटा नाही, आणि आरक्षण केंद्राच्या नियमांनी चालते. याचा अर्थ नीट समजून घ्या.

राज्यात तुम्ही विमुक्त जाती, भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गात असाल, तर हे प्रवर्ग केंद्रात नाहीत. त्यांतल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत. तुमची आहे का, हे राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर महाराष्ट्राची यादी उघडून बघा. जातीचे नाव यादीत जसे लिहिले आहे तसेच तुमच्या दाखल्यावर आहे का, तेही बघा. ‘कॉलेजात ओबीसीतून प्रवेश झाला होता’ हे इथे पुरत नाही. राज्याचा एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गही केंद्रात नाही.

ओबीसींसाठी नॉन-क्रिमीलेअर दाखला लागतो, तो केंद्राच्या नमुन्यातला आणि माहितीपत्रकात सांगितलेल्या मुदतीतला. सेतू केंद्रावर अर्ज करताना ‘केंद्रासाठी हवा’ हे स्पष्ट सांगा. नाहीतर सवयीने राज्याचा दाखला हातात पडतो आणि तो चुकीचा आहे हे पडताळणीच्या टेबलापाशी कळते. केंद्राच्या कोणत्याही राखीव यादीत नसलेल्या कुटुंबांसाठी ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचा प्रवर्ग आहे: वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, आणि जमीन-घराच्या मर्यादा वेगळ्या. उदाहरणार्थ ५ एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असेल तर उत्पन्न कमी असूनही दाखला मिळत नाही. कोरडवाहू भागातल्या घरांना ही अट टोचते, पण नियम तसा आहे. हाही दाखला केंद्राच्या नमुन्यातला, त्या आर्थिक वर्षाचा.

तहसील कचेरीतून दाखला निघायला किती दिवस लागतात हे तुम्हाला माझ्याहून चांगले माहीत आहे. म्हणून अर्जाची जाहिरात येण्याची वाट न बघता एप्रिल लागला की हे काम सुरू करा. सोबत दहावीचे प्रमाणपत्र (नावाचे स्पेलिंग आधारवर वेगळे असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या), पदवीची गुणपत्रके, फोटो आणि सही ठरलेल्या आकारात स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. अर्ज शेवटच्या रात्री भरू नका. पैसे कापले गेले आणि अर्ज सादर झाला नाही, ही तक्रार मी दरवर्षी ऐकतो, आणि ती नेहमी शेवटच्या रात्रीचीच असते.

लेखी परीक्षा: पाहण्याचा रियाज

जेईटीत दोन भाग असत. एक सर्वांना समान, पर्यायी उत्तरांचा: सामान्य ज्ञान, कला-साहित्य-सिनेमाची ओळख, तर्कबुद्धी. दुसरा तुमच्या स्पेशलायझेशनचा, लिहून उत्तरे देण्याचा. पहिल्या भागासाठी फार वेगळे काही करावे लागत नाही. रोजचा पेपर वाचा, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. संस्थेच्या संकेतस्थळावर त्या ठेवलेल्या असतात. शेकडो दिग्दर्शकांची नावे पाठ करून देणाऱ्या क्लासला हजारो रुपये देणे मला पटत नाही.

खरी परीक्षा दुसऱ्या भागात आहे. तिथे प्रश्न असे असतात: एका चित्रावरून प्रसंग लिहा, दिलेल्या गोष्टीचे शॉट पाडा, या जागेत काय काय ऐकू येईल ते लिहा, हा प्रसंग कमी वेळात सांगायचा तर काय काढाल? पाठांतर इथे कामाचे नाही. रियाज हवा. मी पुढचा रियाज सगळ्यांना देतो.

तुम्हाला आवडलेल्या कुठल्याही चित्रपटातला चार-पाच मिनिटांचा एक प्रसंग घ्या. मराठी असला तर उत्तम, कारण भाषेकडे लक्ष द्यावे लागत नाही. पहिल्यांदा नुसता बघा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघा आणि वहीत प्रत्येक शॉटला एक ओळ लिहा: कॅमेरा किती जवळ, कोण दिसते, शॉट किती सेकंद. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून फक्त ऐका आणि बोलण्याखेरीज जे जे ऐकू येते ते लिहा. चौथ्यांदा सगळे एकत्र बघा. आता एकाच प्रश्नाचे उत्तर दहा ओळींत लिहा: या प्रसंगात माझे मन नेमके कुठे हलले, आणि त्या क्षणी दिग्दर्शकाने काय केले होते? शॉट लांबवला होता? आवाज काढून घेतला होता? चेहरा दाखवायचा टाळला होता?

एका प्रसंगाला दोन तास जातात. आठवड्याला दोन असे सहा महिने केले तर पन्नासच्या आसपास प्रसंग होतात. ती वही म्हणजे तुमची खरी तयारी. तीन महिन्यांनी स्वतःला जाणवते की ‘सिनेमॅटोग्राफी भारी होती’ असे वाक्य आता हाताने लिहवत नाही.

याच्या जोडीला स्पेशलायझेशनचा रियाज. सिनेमॅटोग्राफीवाल्यांनी घरातल्या एकाच खिडकीचा फोटो सकाळी सातला, बाराला, पाचला आणि दिवेलागणीला काढावा, आठवडाभर. मोबाइल पुरतो. ध्वनीवाल्यांनी रोज वेगळ्या जागी दहा मिनिटे डोळे मिटून बसावे आणि जवळचे, मधले, लांबचे आवाज वेगवेगळे लिहावेत. संकलनवाल्यांनी घरातल्या लग्नाच्या व्हिडिओतून तीन मिनिटांचे तीन वेगवेगळे तुकडे करावेत: एक नवरीच्या आईचा, एक आचाऱ्याचा, एक फक्त वाट पाहणाऱ्यांचा. माल तोच, गोष्ट दर वेळी निराळी. संकलन म्हणजे काय हे यातून जितके कळते तितके पुस्तकातून कळत नाही. दिग्दर्शनवाल्यांनी रोज एक ऐकलेला संवाद लिहावा, शब्दशः, आणि त्यातला कोण काय लपवत होता ते खाली लिहावे. कला दिग्दर्शनवाल्यांनी शेजारच्या घराच्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंची यादी करावी आणि त्यावरून त्या घराची मिळकत, गाव, माणसे सांगून बघावीत.

भाषेची अडचण खरी आहे. प्रश्नपत्रिका मराठीत नसते. इंग्रजी-हिंदीतून निभावावे लागते. पण तपासणारे व्याकरण तपासायला बसलेले नसतात. छोटी वाक्ये लिहा. ‘म्हातारी उठते. भांडे पडते. ती भांड्याकडे बघत नाही.’ हे कुठल्याही भाषेत सोपे आहे आणि हाच पटकथेचा गाभा आहे.

पुणे-मुंबईत असाल तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, फिल्म सोसायट्या, जानेवारीतला पुण्याचा महोत्सव आहेच. नोव्हेंबरमध्ये गोव्यात इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, विद्यार्थी म्हणून नोंदणी करून जा. एफटीआयआयचे चित्रपट रसास्वादाचे छोटे अभ्यासक्रमही असतात. हे सगळे लांब असेल तरी तयारी अडत नाही. चार मित्र, एक लॅपटॉप, रविवारची दुपार आणि नंतर तासभर भांडण, एवढे पुरते.

उद्देशपत्र

स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणतात ते हे. तुम्ही कोण, इथे का, हेच स्पेशलायझेशन का. उदगीरच्या मुलीचा पहिला खर्डा असा सुरू होत होता: ‘मला लहानपणापासून सिनेमाची प्रचंड आवड आहे. सिनेमा हे समाजपरिवर्तनाचे प्रभावी माध्यम आहे.’ खोटे यात काहीच नव्हते. पण ही दोन वाक्ये शेकडो अर्जांत असतात, आणि वाचणाऱ्याला ती कोणाची आहेत हे कळायला काहीच मार्ग नसतो.

मी तिला सांगितले, आधी मराठीत लिही. अर्ज म्हणून नको, मावशीला पत्र लिहिल्यासारखे. चौथ्या खर्ड्यात हे आले:

‘आमच्या रसवंतीच्या चरकाला सहा घुंगरू आहेत. मी मागच्या खोलीत अभ्यासाला बसते तेव्हा मला बाहेरचे दिसत नाही, पण घुंगरांवरून कळते. जाड ऊस आत गेला की चाल मंदावते. चिपाड दुसऱ्यांदा घातले की ती हलकी होते. गिऱ्हाईक नसताना बाबा चरक उगीच फिरवतात, कारण आवाज थांबला की रस्त्यावरच्या माणसाला दुकान बंद वाटते. त्या रिकाम्या फिरण्याचा आवाज मला वेगळा ओळखू येतो. तो आवाज मला कोणाला तरी ऐकवायचा आहे.’

यात ‘आवड’ हा शब्द नाही. तरी ही मुलगी ध्वनी का शिकणार याबद्दल शंका उरत नाही. नंतर आम्ही ते इंग्रजीत नेले, साध्या इंग्रजीत. रसवंती हा शब्द तसाच ठेवला आणि पुढे एका ओळीत अर्थ दिला.

तुमच्याकडे रसवंती नसेल. मिठाचे दुकान असेल, पोल्ट्री असेल, सोसायटीचा जिना असेल. सत्य आणि बारीक लिहा. आणि गरिबीचे प्रदर्शन करू नका. निवड करणाऱ्यांना दया दाखवायची नसते, डोळा बघायचा असतो. दुसऱ्याकडून, क्लासकडून किंवा संगणकाकडून हे लिहून घेऊ नका, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न यातूनच येतो आणि पुढचे दहाही.

ओरिएंटेशन आणि मुलाखत

लेखीतून निवडलेल्यांना ओरिएंटेशन आणि मुलाखतीला बोलावतात. ओरिएंटेशन म्हणजे एका अर्थी वर्गच. चित्रपट दाखवून त्यावर बोलायला-लिहायला लावतात, स्पेशलायझेशनप्रमाणे प्रत्यक्ष काम देतात. तिथे चमकण्याच्या नादात सगळा वेळ बोलणारे असतात. तसे करू नका. दुसऱ्याचे ऐकून त्यावर एक नेमके वाक्य बोलणारा माणूस शिक्षकांना हवा असतो, कारण पुढची तीन वर्षे हे सगळे एकमेकांच्या फिल्मवर राबणार आहेत. एका स्पेशलायझेशनला जागा दहाच्या आसपास असतात. इतक्या लहान गटात सोबत काम करता येणे ही मोठीच पात्रता आहे.

मुलाखतीत संस्थेचे शिक्षक आणि बाहेरचे अनुभवी लोक असतात. ‘आवडता चित्रपट कोणता’ असे विचारले की जगप्रसिद्ध नाव घेण्याची ओढ असते. पाहिला नसेल, किंवा पाहून झोप आली असेल, तर ते नाव घेऊ नका. त्यापेक्षा गावच्या टुरिंग टॉकीजमध्ये पाहिलेल्या सिनेमाबद्दल खरे आणि खोलात बोला. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा, आणि इंग्रजी अडले तर हिंदीत वळा. मतावर ठाम राहा, पण समोरच्याने नवी बाजू दाखवली तर मनापासून विचार करा. तो विचार चेहऱ्यावर दिसतो.

उदगीरच्या मुलीला मुलाखतीत विचारले होते, ‘घुंगरू सहाच का?’ ती म्हणाली, ‘आठ होते, दोन तुटले, आणि सहांचाच आवाज मला पाठ झालाय.’ मग तुटण्याआधीचा आवाज कसा होता, यावर बराच वेळ बोलणे झाले.

पैसे

घरात हे आधीच बोलून घ्या. फक्त प्रवेशावेळची फी बघू नका. सगळ्या वर्षांची फी, वसतिगृह, मेस, लॅपटॉप-हार्ड डिस्क, आणि तीन वर्षे घरी पैसे पाठवता येणार नाहीत हे धरून हिशेब मांडा. खासगी फिल्म स्कूलच्या तुलनेत खर्च बराच कमी आहे. शैक्षणिक कर्जासाठी विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो. बँकेत आधी एकदा जाऊन या, निकालानंतर वेळ फार थोडा मिळतो.

निकाल आणि त्यानंतर

नाव यादीत असेल तर फी भरण्याची तारीख पाळा. प्रतीक्षा यादीत असाल तर ईमेल दिवसातून दोनदा बघा, स्पॅमसुद्धा, आणि फोन बदलू नका. कोणीतरी जागा सोडते आणि पुढच्याला कळवले जाते, तेव्हा हातात दोन-तीनच दिवस असू शकतात. मूळ कागद आणि पहिल्या फीची रक्कम तयार ठेवा.

नाव कुठेच नसेल तर आठवडाभर वाईट वाटू द्या. मग प्रसंगांची वही काढा आणि पहिले पान व शेवटचे पान शेजारी ठेवून वाचा. अनेक जण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आत येतात. मधल्या वर्षात एखाद्या माहितीपटावर सहायक म्हणून, लग्नाच्या व्हिडिओच्या दुकानात, नाटकाच्या प्रकाशयोजनेवर, जिथे मिळेल तिथे काम करा आणि पुढच्या वर्षी उद्देशपत्र कोऱ्या कागदावर नव्याने लिहा. जुने दुरुस्त करत बसू नका.

उदगीरच्या त्या मुलीचे नाव पहिल्या वर्षी प्रतीक्षा यादीत होते आणि पुढे सरकले नाही. आता ती पुन्हा अर्ज भरते आहे. परवा तिने रसवंतीचे बारा मिनिटांचे रेकॉर्डिंग पाठवले, मोबाइलवर, पहाटे दुकान उघडतानाचे. त्यात आठ घुंगरू आहेत. वडिलांनी दोन नवीन बांधलेत. ती विचारत होती, नव्या दोघांचा आवाज जरा जास्त कोरा वाटतोय ना?